सव्वा लाखाच्या फोनचा हिशेब

दुकानाच्या एकाच काउंटरवर एकाच कंपनीचे दोन फोन ठेवलेले असतात. एक चाळीस हजारांचा, दुसरा एक लाख तीस हजारांचा. दोन्हींवर व्हॉट्सॲप चालते, यूपीआयने पैसे जातात, फोटो निघतात आणि कॉलही सारखाच लागतो. मग वरचे नव्वद हजार रुपये नेमके कशाचे? आणि ते देणे शहाणपणाचे आहे का? फोन घ्यायला निघालेल्या जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. त्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. पण ते शोधण्याची रीत मात्र सर्वांना सारखीच उपयोगी पडते, आणि या प्रकरणात तीच पायरीपायरीने मांडली आहे.

१. फ्लॅगशिप म्हणजे कोणता फोन?

प्रत्येक कंपनी निरनिराळ्या किमतींचे फोन काढते. त्यांतला जो सर्वांत वरचा, ज्यात कंपनी आपले त्या वर्षीचे उत्तमोत्तम तंत्र घालते, तो फ्लॅगशिप. ॲपलचे आयफोन प्रो आणि सॅमसंगचे गॅलेक्सी एस अल्ट्रा ही भारतात सर्वांत परिचित उदाहरणे. त्यांच्या खाली पंचवीस ते पन्नास हजारांच्या आसपासचा मधला वर्ग आहे. आपल्याकडे खरी निवड बहुधा या दोन वर्गांत करायची असते.

हिशेब नीट समजावा म्हणून येथे २०२४ साली भारतात आलेले सॅमसंगचे दोन फोन उदाहरणादाखल घेऊ. जानेवारीत आलेला गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांपासून सुरू होत होता, तर मार्चमध्ये आलेला गॅलेक्सी ए५५ हा ३९,९९९ रुपयांपासून. अल्ट्रामध्ये साठवण दुप्पट होती (२५६ जीबी, ए५५ मध्ये १२८ जीबी) आणि रॅमही जास्त होती. तरी किमतीतला फरक सव्वातीन पटींचा होता. कंपनी एक, वर्ष एक, त्यामुळे तुलना स्वच्छ होते.

२. किंमत एवढी का वाढली?

२०२० साली आलेला एस२० अल्ट्रा भारतात ९२,९९९ रुपयांना मिळत होता. चार वर्षांनी त्याच मालिकेतला फोन १,२९,९९९ वर गेला. ही सगळी वाढ फोन सुधारल्यामुळे झाली का, हे पाहण्यासाठी आधी कर बाजूला काढावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून मोबाइल फोनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ९२,९९९ मधून १२ टक्के कर काढला तर सुमारे ८३,००० रुपये उरतात. १,२९,९९९ मधून १८ टक्के कर काढला तर सुमारे १,१०,१७० उरतात. म्हणजे ३७,००० रुपयांच्या वाढीपैकी सुमारे १०,००० रुपये निव्वळ कराचे आहेत. अमेरिकेत मात्र याच काळात उलटे घडले. तेथे एस२० अल्ट्रा १,४०० डॉलरला होता, एस२४ अल्ट्रा १,३०० डॉलरला आला. डॉलरमध्ये किंमत उतरली असताना रुपयात ती चढली. फोनचे बरेच सुटे भाग परदेशातून येतात, म्हणून रुपया घसरला की त्याचा भार फोनवर पडतो. भारतातील ग्राहकाला पूर्वी कंपनीकडून तुलनेने कमी किंमत लावली जात होती, तीही सवलत हळूहळू संपली.

यातून पहिला धडा मिळतो. किंमत चढली म्हणून फोन त्याच प्रमाणात चांगला झाला, असे समजू नये.

३. प्रोसेसर: ताकद किती आणि ती लागते कधी?

प्रोसेसर म्हणजे फोनमधले सारे हिशेब करणारी चिप. अल्ट्रामधली चिप ए५५ मधल्या चिपपेक्षा पुष्कळ वेगवान आहे. प्रश्न असा, की हा वेग जाणवतो कुठे?

निरोप पाठवणे, बातम्या वाचणे, व्हिडिओ पाहणे, रेल्वेचे तिकीट काढणे या कामांना मधल्या वर्गातली चिप पुरून उरते. तेथे वाट पाहावी लागते ती बहुधा नेटवर्कची, चिपची नव्हे. जड ग्राफिक्सचे खेळ, मोठ्या व्हिडिओचे संपादन, फोनवरच चालणारी एआयची कामे येथे मात्र महाग चिपचा फरक उघड दिसतो. तरीही एक मर्यादा राहते. फोनमध्ये सहसा पंखा नसतो. चिप तापू लागली की ती स्वतःचा वेग कमी करते. त्यामुळे जाहिरातीतला कमाल वेग दीर्घकाळ टिकत नाही.

वेगवान चिपचा दुसरा फायदा उशिरा कळतो. ॲप दर वर्षी जड होत जातात. आज गरजेपेक्षा जास्त असलेली ताकद पाचव्या-सहाव्या वर्षी गरजेपुरती ठरते. म्हणून ही ताकद फोन लवकर बदलणाऱ्याच्या फारशी कामी येत नाही. ती दीर्घकाळ वापरणाऱ्याच्या कामी येते.

४. कॅमेरा: मेगापिक्सेलचा आकडा काय सांगतो?

अल्ट्राच्या मुख्य कॅमेऱ्यावर २०० मेगापिक्सेल लिहिलेले असते, ए५५ वर ५०. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. तेव्हा पहिल्याचा फोटो चौपट बारकाव्याचा असेल, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही फोन नेहमीच्या वापरात जवळपास सारख्याच ठिपक्यांचा फोटो देतात. अल्ट्रा १६ ठिपके एकत्र करून एक ठिपका बनवतो, म्हणजे २०० ÷ १६ = १२.५. ए५५ चार ठिपके एकत्र करतो, म्हणजे ५० ÷ ४ = १२.५. ठिपके एकत्र केल्याने प्रत्येकाला जास्त उजेड मिळतो आणि फोटो स्वच्छ येतो.

फोटोचा दर्जा ठरवणारी खरी गोष्ट म्हणजे सेन्सरचा आकार. सेन्सर हा उजेड टिपणारा भाग. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर तेवढ्याच वेळात परातीत कितीतरी जास्त पाणी साठते. मोठा सेन्सर तसाच तेवढ्याच क्षणात जास्त उजेड गोळा करतो. भर दुपारी उजेड भरपूर असतो, म्हणून दोन्ही फोनचे फोटो जवळजवळ सारखे दिसतात. संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, हलणाऱ्या मुलांच्या फोटोत फरक पडू लागतो. त्यावर सॉफ्टवेअरचे काम असते. फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो टिपतो आणि त्यांतले उत्तम भाग जोडून एक चित्र तयार करतो. या कामी वेगवान चिपही उपयोगी पडते.

दोन्ही फोनमधला सर्वांत मोठा फरक झूमचा आहे. अल्ट्रामध्ये ३ पट आणि ५ पट जवळचे दाखवणारी दोन वेगळी भिंगे आहेत, ए५५ मध्ये असे एकही नाही. वेगळे भिंग नसले की फोन मूळ चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो. ५ पट झूम म्हणजे लांबी पाचवा भाग आणि रुंदी पाचवा भाग, म्हणून चित्राचा पंचविसावा भाग उरतो. ५० मेगापिक्सेलचा पंचविसावा भाग म्हणजे फक्त २ मेगापिक्सेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून रंगमंचावरच्या मुलीचा फोटो घ्यायचा असेल किंवा भिगवणला उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी टिपायचे असतील, तर हा फरक नजरेत भरतो. असे फोटो नेहमी घेणाऱ्याला महाग फोनचे मोल खरोखर मिळते. जेवणाचे ताट, घरातला वाढदिवस, दुकानाची बिले एवढेच फोटो काढणाऱ्याला ते मिळत नाही. त्यातही फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि दोन्ही फोनमधले बरेचसे अंतर तेथेच मिटते.

५. स्क्रीन, बॅटरी आणि बांधणी

दोन्ही फोनची स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलते, त्यामुळे सरकवताना दोन्ही सारख्याच मऊ वाटतात. फरक उजळपणाचा आहे. अल्ट्राची स्क्रीन कमाल २,६०० निटपर्यंत उजळते, ए५५ ची १,००० निटपर्यंत. निट हे उजळपणाचे माप आहे. घरात किंवा कचेरीत या फरकाचे काही काम पडत नाही. दिवसभर उन्हात काम करणाऱ्याला, मग तो शेतात असो, बांधकामावर असो की घरपोच माल पोहोचवणारा असो, तो रोज जाणवतो.

बॅटरीची गोष्ट तर आश्चर्याची आहे. दोन्ही फोनमध्ये ५,००० मिलिॲम्पिअर-तासांचीच बॅटरी आहे. २०२० च्या एस२० अल्ट्रापासून २०२५ च्या एस२५ अल्ट्रापर्यंत हा आकडा बदललाच नाही. अल्ट्रा ४५ वॉटने चार्ज होतो, ए५५ हा २५ वॉटने. वायरलेस चार्जिंग फक्त अल्ट्रामध्ये आहे.

बांधणीत अल्ट्राला टायटॅनियमची चौकट आणि आयपी६८ दर्जा आहे, ए५५ ला ॲल्युमिनियमची चौकट आणि आयपी६७. यातला ६ हा आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि शेवटचा आकडा पाण्यापासूनचे. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास. पावसात भिजण्यापुरते दोन्ही पुरेसे आहेत. मात्र पाण्याने झालेल्या बिघाडाची दुरुस्ती सहसा वॉरंटीत बसत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि फोन हातातून पडला तर काच दोघांचीही फुटते. महाग फोनची स्क्रीन बदलण्याचा खर्चही त्याच्या किमतीला साजेसा असतो. काही बाबतींत स्वस्त फोन पुढे असतो, हेही विसरू नये. ए५५ मध्ये मेमरी कार्डाची सोय आहे, अल्ट्रामध्ये नाही.

६. एका वर्षात काय बदलते?

भर घातलेल्या प्रत्येक पुढच्या घटकातून मिळणारे समाधान आधीच्यापेक्षा कमी होत जाते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला घटत्या सीमांत उपयुक्ततेचा नियम म्हणतात. फोनच्या बाबतीत हा नियम स्पष्ट दिसतो. दहा हजारांच्या फोनवरून चाळीस हजारांच्या फोनवर गेले की कॅमेरा, स्क्रीन, वेग सारेच बदलते. चाळीस हजारांवरून सव्वा लाखावर गेले की मोजक्या गोष्टी सुधारतात.

एकाच मालिकेच्या दोन वर्षांतही असेच घडते. एस२४ अल्ट्रानंतर वर्षभरात एस२५ अल्ट्रा आला. चिप नवी होती, रुंद दृश्याचा कॅमेरा १२ वरून ५० मेगापिक्सेलचा झाला, वजन २३२ ग्रॅमवरून २१८ ग्रॅमवर आले. बॅटरी तेवढीच, चार्जिंगचा वेग तोच, मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचाच, सुरुवातीची किंमतही तीच. सोबतच्या पेनमधली ब्लूटूथची सोय तर काढून टाकली. आधीचा फोन हातात असलेल्याला नवा घेण्याचे सबळ कारण यात सापडत नाही. उलट नवा आला की मागच्या वर्षीचा फोन दुकानात स्वस्त होतो, आणि शहाण्या ग्राहकाची संधी तेथेच असते.

७. फोन म्हातारा कसा होतो?

फोनचे आयुष्य दोन गोष्टी ठरवतात: सॉफ्टवेअर आणि बॅटरी.

सॉफ्टवेअरमध्ये सतत नवे दोष सापडतात. त्यांचा फायदा घेऊन चोर फोनमध्ये शिरू नयेत म्हणून कंपन्या दुरुस्त्या पाठवतात, त्यांना सुरक्षा अपडेट म्हणतात. ती थांबली तरी फोन चालतो, पण ज्यावर बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार होतात तो फोन अपडेटविना वापरणे धोक्याचे आहे. एस२० अल्ट्राला अँड्रॉइडच्या तीनच मोठ्या आवृत्त्या मिळाल्या. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ साठी सात वर्षांची हमी दिली. ए५५ ला चार आवृत्त्या आणि पाच वर्षांची सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. म्हणजे अल्ट्रा २०३१ पर्यंत निर्धास्तपणे वापरता येईल, ए५५ हा २०२९ पर्यंत. महाग फोनच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

बॅटरी मात्र दोघांचीही झिजते. पूर्ण क्षमतेएवढी वीज एकदा वापरली की एक आवर्तन होते. दोन दिवस अर्धी-अर्धी वापरली तरी एकच धरतात. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० आवर्तनांनंतर आणि आयफोन १५ ची १,००० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखते. रोज एक आवर्तन धरले तर ५०० म्हणजे दीड वर्षाहून थोडे कमी, १,००० म्हणजे पावणेतीन वर्षे. त्यानंतर फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही आणि तो बदलायला झाला असे वाटू लागते. खरे तर बदलायची असते ती फक्त बॅटरी. बॅटरी जीर्ण झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करते, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला. नवी बॅटरी बसताच तेच फोन पुन्हा पूर्ववत चालू लागले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला, की बॅटरीने ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे आणि विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाली पाहिजेत.

८. खरी किंमत: दर वर्षाची

आता मुख्य हिशेबाकडे येता येते. फोनची खरी किंमत पावतीवर नसते. ती अशी काढावी:

(खरेदी + दुरुस्ती − विकताना मिळणारे पैसे) ÷ वापराची वर्षे

पुढील उदाहरणांत बॅटरीचा खर्च आणि विक्रीची रक्कम अंदाजाने धरली आहे. वाचकाने तेथे आपल्या गावच्या बाजारातले आकडे घालावेत.

पहिले उदाहरण: १,३०,००० चा फोन दोन वर्षांनी ५५,००० ला विकला. ७५,००० ÷ २ = वर्षाला ३७,५०० रुपये.

दुसरे: तोच फोन सहा वर्षे वापरला, मध्ये ८,००० ची बॅटरी घातली, शेवटी १०,००० ला विकला. १,२८,००० ÷ ६ = वर्षाला सुमारे २१,३३० रुपये.

तिसरे: मागच्या वर्षीचा फ्लॅगशिप ८०,००० ला घेतला, पाच वर्षे वापरला, बॅटरी ८,००० ची, विक्री १०,००० ची. ७८,००० ÷ ५ = वर्षाला १५,६०० रुपये.

चौथे: ४०,००० चा मधल्या वर्गातला फोन पाच वर्षे वापरला, बॅटरी ४,००० ची, विक्री ४,००० ची. ४०,००० ÷ ५ = वर्षाला ८,००० रुपये.

एकच महाग फोन वापरणाऱ्याच्या सवयीनुसार वर्षाला ३७,५०० ला पडतो किंवा २१,३३० ला. दुसऱ्या आणि चौथ्या उदाहरणातला फरक वर्षाला सुमारे १३,३०० रुपये, म्हणजे महिन्याला ११०० रुपये येतो. मूळ प्रश्न आता हाताळता येण्याजोगा झाला. लांबचे झूम, उन्हातली स्क्रीन, जड कामांचा वेग यांसाठी महिन्याला ११०० रुपये द्यावेत का, हे प्रत्येक घर आपल्या गरजेकडे आणि मिळकतीकडे पाहून ठरवू शकते.

९. बिनव्याजी हप्ता खरोखर बिनव्याजी असतो का?

महाग फोन बहुधा ‘नो कॉस्ट ईएमआय’वर विकला जातो. १,३०,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला १०,८३३ रुपये. पैसे उसने देणारी बँक व्याज सोडत नाही. वर्षाला १५ टक्के दर धरला तर बँक सुमारे १,२०,००० रुपये मुद्दल धरते आणि उरलेले जवळपास १०,००० व्याज म्हणून घेते. तेवढीच सूट कंपनी किंवा दुकानदार आधी देतो. क्रेडिट कार्डावरच्या या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे १,८०० रुपये. त्यावर प्रक्रिया शुल्क असते. एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट अनेकदा हप्त्यावर मिळत नाही, तीही खर्चातच धरावी. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते.

हप्त्याचा मोठा धोका मात्र मनाच्या हिशेबात आहे. १,३०,००० चा विचार करणारा माणूस १०,८३३ चा विचार करू लागतो आणि फोन आवाक्यात असल्याचे त्याला वाटते. म्हणून हप्ता पाहण्याआधी पूर्ण रक्कम कागदावर लिहावी. ज्या घरात तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक किंवा आरोग्य विमा नाही, तेथे या फोनचा क्रम त्या दोन्हींच्या नंतरचा आहे.

१०. कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये?

नवा फ्लॅगशिप पुढील लोकांना परवडतो: फोटो किंवा व्हिडिओवर ज्यांची कमाई अवलंबून आहे, जे फोनवर रोज तासन् तास जड काम करतात, आणि जे तो घेऊन सहा-सात वर्षे बदलणार नाहीत. पहिल्या दोघांना तो कामाचे साधन आहे, तिसऱ्याला टिकाऊ वस्तू.

फ्लॅगशिपचा कॅमेरा हवा पण खर्च जपायचा, त्याने मागच्या वर्षीचा घ्यावा. तेव्हा अपडेटची किती वर्षे उरली आहेत ते मोजावे. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून चालू होते, विकत घेतल्यापासून नव्हे. वापरलेला फोन घेताना बॅटरीची स्थिती पाहावी आणि *#०६# डायल करून आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक घ्यावा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो क्रमांक घातला की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कळते.

बाकीच्यांसाठी, म्हणजे बहुसंख्यांसाठी, दीर्घ अपडेट मिळणारा मधल्या वर्गातला फोन पुरेसा आहे. आणि हातातला फोन अजून अपडेट घेत असेल, फक्त बॅटरी थकली असेल, तर सर्वांत किफायतशीर खरेदी म्हणजे नवी बॅटरी. यात पर्यावरणाचेही हित आहे, कारण फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तर तो बनवताना निर्माण होतो.

ठरवताना क्रम असा ठेवावा. आधी हातातल्या फोनने कोणते काम अडते ते लिहावे. ते काम बॅटरी बदलून किंवा साठवण मोकळी करून भागते का ते पाहावे. भागत नसेल तर ते काम करणारा सर्वांत स्वस्त फोन शोधावा. त्याची आणि फ्लॅगशिपची दर वर्षाची किंमत काढावी, आणि उरलेल्या फरकात मिळणारी प्रत्येक सोय आठवड्यातून किती वेळा वापरली जाईल हे प्रामाणिकपणे मोजावे. या मोजणीत टिकणारा फोन एक लाख तीस हजारांचा असला तरी तो महाग नाही. जो टिकत नाही, तो सवलतीत मिळाला तरी महागच आहे.